मधली तार जागेवर होती

सोमवार, ६ मार्च

चि. चिमटीस अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

घशाच्या ऑपरेशनला तीन महिने झाले. जखम भरली, आवाज मात्र परत यायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेही अशा सुरात, की मी जणू त्यांच्याकडे छत्री विसरलो होतो. तुझी वहिनी या तीन महिन्यांत एकही वाद हरलेली नाही. आता तिलाच त्याचा कंटाळा आलाय.

काळजी निराळीच आहे. माझा रेडिओवरचा दोस्त, समुद्रापलीकडचा दीपगृहवाला, तुला ठाऊक आहे. एकतीस वर्षं दर रविवारी सकाळी दहाला आमच्या गप्पा. तो अजून हाक मारतो, मी ऐकतो, उत्तर देता येत नाही. काल म्हणाला, आणखी तीन रविवार हाक मारीन, मग तू गेलास असं समजून सेट झाकून ठेवीन. इतक्या वर्षांत वाऱ्यापासून गुडघ्यांपर्यंत सगळं विचारून झालं, फक्त पत्ता विचारायचा राहिला!

त्याच्याकडे आहे तशी एक जुनी डबी मी मिळवली आहे. कॉम्प्युटरवर टाइप केलेल्या अक्षरांचे ती सूर करते, रेडिओ ते सूर सोडतो आणि तिकडे पडद्यावर पुन्हा अक्षरं उमटतात. पण डबीला बसणारी केबल आता कुठेच मिळत नाही, म्हणून मीच बनवली. तीन तारा, दोन्ही टोकांना मिळून कथिलाचे सहा टाके. डबी ढिम्म.

आवाज गेला तरी लोभ तेवढाच आहे, हे असू दे.

तुझा,
दादा

शुक्रवार, १० मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

सहा टाक्यांत हा गोंधळ! माझ्या शिवणाच्या दुकानात असतास तर पहिल्या दिवशीच काजं-बटणांवर बसवला असता.

विजेतलं मला इस्त्रीच्या पलीकडे काही कळत नाही. पण माझं मशीन टाका सोडायला लागलं, की मी आधी सुई बदलते, मग दोरा, मग पट्टा बघते. एका वेळी एकच. तू सगळं एकदम उघडून बसला असशील, लहानपणी आईचं घड्याळ उघडलंस तसं. (ते अजून डब्यातच आहे.) एकेक तपास आणि केबल ज्या चित्रावरून केलीस, ते चित्र पाठव.

वहिनीला नमस्कार. लोभ उसवू देऊ नकोस.

तुझी,
चिमटी

शनिवार, १८ मार्च

चि. चिमटीस अ. उ. आ.

सांगितलंस तसं केलं. आधी कॉम्प्युटर. पुस्तकात दाखवलेल्या दोन पिना वहिनीच्या केसांच्या आकड्याने जोडल्या आणि एक अक्षर दाबलं. ते त्या आकड्यातून फिरून पडद्यावर परत आलं! मी बराच वेळ तेच करत बसलो. वहिनीने आकडा परत मागितला, तो अजून दिलेला नाही.

मग डबी. दिवा लागतो, स्वतःची चाचणी ती स्वतः पास होते. मग केबल. टोकाच्या कनेक्टरच्या उघड्या पाठीवर मीटर टेकवून चित्राशी तीनदा ताडून पाहिलं. तिन्ही तारा पी-पी करतात. सगळं बरोबर आणि सगळं मुकं, माझ्यासारखं.

गेल्या रविवारी त्याने हाक मारली आणि पाच मिनिटं थांबला. त्याची खुर्ची करकरलेली मला ऐकू आली. चित्र सोबत आहे.

माया आहे तशीच राहो.

दादा

मंगळवार, २१ मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मिळताच चित्र खिडकीच्या काचेवर धर आणि मागून बघ.

चित्रात तू कॉम्प्युटरकडच्या कनेक्टरची भोकं समोरून पाहिली आहेस. टाके कुठून घातलेस? पाठीकडून. म्हणजे उलट बाजूने! वरच्या रांगेत पाच भोकं. मधली तार दोन्हीकडून मधलीच, ती जागेवर आहे. दुसऱ्या भोकातली चौथ्या घरात बसलीय आणि पाचव्यातली पहिल्या. मीटरने तपासलंस तेही पाठीकडूनच, त्याच चित्रावरून. चुकीची परीक्षा चुकीनेच घेतली, ती पास होणारच.

हे मला दिसलं, कारण मी ते केलेलं आहे. तुझ्या लग्नाच्या कोटाला मी दोन्ही बाह्या डाव्या शिवल्या होत्या. कापताना कापडाची सुलट बाजू दोन्ही वेळा वरच ठेवली. तू दिवसभर तो कोट घालून फिरलास आणि आजवर एक शब्द बोलला नाहीस. फोटोत उजवा हात अजून वाकडाच दिसतो.

खरं सांगू, तीन तारांतून माणसाचं बोलणं समुद्रापलीकडे जातं, हे वाचून मी दुपारभर कात्री हातात धरून बसले. गिऱ्हाईक माप द्यायला हात पसरून उभंच होतं.

जपून उसव. आणि असाच जीव लावत राहा.

चिमटी

रविवार, २६ मार्च

चि. चिमटीस अ. उ. आ.

पत्र काल दुपारी आलं. चित्र काचेवर धरलं आणि खुर्चीत बसलो. नंतर भिंगातून पाहिलं, तर कनेक्टरच्या प्रत्येक भोकाशी आकडा कोरलेला आहे, मोहरीपेक्षा बारीक. हे वहिनीला कळवू नकोस.

दोन टाके उसवून पुन्हा घातले. डबीचा दिवा लुकलुकला. आज दहाला मी तुझा तो कोट घालून सेटपुढे बसलो.

त्याने हाक मारली. आवाज थकलेला होता. मी टाइप केलं, मी आहे, आवाज तेवढा गेला. सूर निघून गेले. मग नुसती खरखर. मी हात मांडीवर ठेवून बसलो. एवढा मोठा समुद्र मधे आहे, हे एकतीस वर्षांत मला आज पहिल्यांदा जाणवलं.

मग पडद्यावर एकेक अक्षर यायला लागलं, जणू कोणी काठी टेकत येतंय. पुन्हा लिही, असं त्याने लिहिलं होतं. मी पुन्हा लिहिलं. बराच वेळ काही नाही. मग आलं, की उशीर झाला, चष्मा पुसत होतो.

वहिनी मागे उभी राहून वाचत होती.

शेवटी मी त्याला पत्ता विचारला. त्याने लिहिलं, कशाला? मी इथंच तर आहे.

चिमटे, अशीच आमच्या पाठीशी राहा.

तुझा,
दोन डाव्या बाह्यांचा दादा