असुराचा मुखवटा आणि देवीची तलवार कोणाकडे जावी याबाबत

॥ श्री महालक्ष्मी माता प्रसन्न ॥

मी, मैना भिकू धोडी, वय ५८, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, राहणार झरी, तालुका तलासरी, पूर्ण शुद्धीत, कोणी न सांगता हे लिहून ठेवते. तब्येत ठीक आहे. पण नोव्हेंबरपासून जमीन हादरते, मागच्या भिंतीला तडा गेला, आम्ही अंगणात ताडपत्रीखाली झोपतो. म्हणून आताच.

१. घर व वाडी मुलगा प्रविण यास. तडा स्वतः लिंपत बसू नये, गवंडी आणावा.

२. पोस्टातली शिल्लक सून पूर्वी हिला. माझ्या तेराव्याला मंडप, लाऊडस्पीकर नको. तांब्याचा हंडा गळत नाही, मोडीत घालू नये.

३. जाऊबाई ठकी हिने नेलेला माझा पाटा तिलाच दिला. मात्र तिने माझ्या दिवसाला येऊन मोठ्याने रडू नये.

४. गावच्या बोहाड्यात, म्हणजे देवांचे मुखवटे चढवून नाचायच्या उत्सवात, असुराचे सोंग आमच्या घराकडे आहे. मुखवटा पांगाऱ्याच्या लाकडाचा. नियम एकच: तो चढवणाऱ्याने आपल्या हाताने उतरवायचा नाही. देवीचे सोंग तलवार लावून असुराला पाडते आणि तीच मुखवटा काढते. माझे यजमान हे सोंग घेत.

५. प्रविणने त्याच गोष्टीचे नवे नाटक बसवले, असुर यजमानच झाले. त्यात असुर रानाचा मालक, देवीची माणसे जमीन मोजायला येतात, आणि शेवटी असुर मरत नाही, प्रेक्षकांतून चालत दाराबाहेर जातो. डहाणूच्या हॉलात लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मीही रडले, खोटे का लिहू. गोष्ट बदलली याचा राग नाही. सासरे तर बोहाड्यात हवालदार आणत, तो कोणत्या पुराणात होता? पण यजमानांनी दाराबाहेर मुखवटा स्वतःच उतरवला. घरी येताना म्हणाले, "मैना, आज मला कोणी पाडलंच नाही गं." त्यानंतर त्यांनी पाठ टेकली नाही. बसून असत, दाराकडे बघत. गेल्या वर्षी होळीच्या आत गेले. डॉक्टर हृदय म्हणाला. म्हणू दे.

६. परवाच्या धक्क्यात फळीवरची भांडी पडली. भिंतीकडे तोंड करून टांगलेला मुखवटा पडला नाही, दाराकडे वळला. महाशिवरात्रीला पुन्हा प्रयोग आहे, सोंग प्रविण स्वतः घेणार.

"शेवटी तलवार लावून घे रे बाबा."

"आई, नाटक पडेल ना!"

"आणि तू?"

तो हसत तालमीला गेला.

७. म्हणून मुखवटा व तलवार पूर्वीला. हे कलम मी जिवंत असतानाच लागू. बायकांनी सोंगाला हात लावायचा नसतो असे लोक म्हणतील, ठकी सगळ्यांच्या आधी. लेकाने शेवट बदलला, तेवढा मीही बदलते. पूर्वी उंबरगावची, तिने बोहाडा पाहिलेला नाही. म्हणाली, "मम्मी, मला मंत्र येत नाय."

"मंत्र नाही लागत. खांद्यावर तलवार लावायची, मुखवटा ओढायचा. चिडला तरी ओढायचा."

आत नाटक हवे तसे संपू दे. टाळ्या सुरू झाल्या की पूर्वीने हॉलच्या दाराबाहेर उभे राहावे, तो तिथूनच येणार. मी असले तर तिच्या मागे उभी असेन. नसले तर तिने एकटीने करावे. पण त्याचा हात मुखवट्याला लागायच्या आधी.

ठिकाण: झरी
तारीख: ६ फेब्रुवारी २०१९

सही: मैना भिकू धोडी

साक्षीदार:
१. संगिता सुनिल करबट, शेजारीण
२. बारक्या लडक्या वरठा. देवीचे सोंग आमच्या घराकडे आहे. तलवार राजीखुशीने दिली. धार बोथट करून दिली.