ज्याचा त्याचा वाटा

३ नोव्हेंबर
अल्माटीत नोकरी लागली एकदाची! बाबा गेल्यापासून आई भिंतीकडे बघत बसते, म्हणून तिलाही घेऊन आले. घरपोच मांस विकणारी कंपनी आहे. त्यांच्या ॲपमधला शोध म्हणजे नुसता सावळागोंधळ. लोक लिहितात 'जावई येतोय', उत्तर येतं 'काही सापडलं नाही'. अरे, आपल्या कझाक लोकांत मांसाचा तुकडा शोधतं कोण? पाहुण्यावरून वाटा ठरतो! जावयाला छातीचं, मानकऱ्याला मेंढ्याचं डोकं. मी शोध तसाच बांधला. मालक साबित आगा खूश. म्हणाले, "पोरी, वाटे लावण्यात तू तर आमच्या म्हातारीच्या वरताण निघालीस!"

९ नोव्हेंबर
आगांचा नवा हट्ट: 'काही सापडलं नाही' हे पानच काढून टाक. गिऱ्हाइकाला जे हवंय ते मिळालंच पाहिजे. टाकलं काढून.

१४ नोव्हेंबर
एका बाईने लिहिलं, 'नवरा. वारलाय.' तिलाही वाटा दाखवला गेला! गोदामात तिच्या नावाचं पुडकं होतं, बांधलं कुणीच नव्हतं. उघडून पाहिलं. राखाडी मांस, ओल्या मातीचा वास, कातडीवर माणसाचे केस. भडभडून ओकले. परत येईतो पुडकं रवाना झालं होतं. संध्याकाळी बाईचा अभिप्राय: "अगदी त्यांचीच चव. पुन्हा पाठवा."

१७ नोव्हेंबर
गोदाम भरलंय. कुणाचा भाऊ, कुणाची मावशी. सासूलासुद्धा मागणी आहे! शी! मिटक्या मारून खातात आणि वर कौतुक लिहितात. आगांना म्हटलं, बंद करा ही घाण. त्यांच्या हनुवटीवर चरबी लकाकत होती. म्हणाले, "एक तरी तक्रार आलीय का गं?" मी जुनं पान परत लावायला बसले, तर त्यांनी माझा पासवर्डच बदलला.

१८ नोव्हेंबर
आईच्या फोनवर तेच ॲप. हात जोडले, बाबांना शोधू नकोस म्हणाले. ती हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा हसली.

१९ नोव्हेंबर
घरात शिरले तर मातीचा वास. शेगडीवर पातेलं. आई म्हणाली, "हात धू. बाबा आलेत."
पातेलं ओतून द्यायला धावले. तिने ढकललं. केवढी ताकद—
न्हाणीघरात कडी लावून लिहितेय. ताट दाराशी ठेवलंय तिने. डोकं शिजवलं की त्याचा कान घरातल्या लेकराला द्यायचा, आपला रिवाज. फटीतून दिसतोय. थंडीने झडलेली तीच ओळखीची कडा. बाबांचाच—
शिसारी येतेय. शी, शी. आणि तोंडाला पाणी—
आई म्हणते, आवडायचीस त्यांना. एकच घास—
कडी काढली. नुसती चव—