टबाच्या मोटारीला पॉलिश पेपर लावू नये

मी, कडुबा लक्ष्मण दाभाडे, वय ६९, एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेला रंगारी, राहणार उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर, माझ्यामागे कुणाचे वाद नकोत म्हणून हे मृत्युपत्र राजीखुशीने, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छातीचं दुखणं जुनं आहे, डोकं शाबूत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१) राहतं दोन खोल्यांचं घर माझी पत्नी पारूबाई हिला, तिच्या पश्चात मुलगी विशाखा हिला. कन्नडला लेकीकडे राहायला चल म्हणून पारूबाईच्या मागे लागू नये. तिला तिथं करमत नाही.

२) बँकेतली ठेव पारूबाईची. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा. जेवणावळी नकोत.

३) सुटे भाग जोडून केलेल्या जुन्या अमेरिकन प्लॅस्टिकच्या वीतभर मोटारी, एकूण एकतीस. रस्त्यावर कधी दिसणार नाहीत अशा: इंजिन बसवलेला पियानो, चाकांवरचा पलंग, बुटाची मोटार. सुट्या भागांची पहिली अकरा खोकी माझे मित्र सरदार शेख यांच्या भंगारात आली. सरदार म्हणाला, "कडुबा, पोरांचं कायतरी हाय बघ, नेतो का?" पोरासाठी नेलं आणि वेड मला लागलं. यातल्या तीस मोटारी सिडकोतले संग्राहक अभय गंगवाल यांना द्याव्यात. जीव लावतील.

४) एकतिसावी, न्हाणीच्या टबाची मोटार, त्यांना देऊ नये. मागच्या मे महिन्यात त्यांनी ती उलटी करून पाहिली. म्हणाले, "काका, खाली बोटाचा ठसा उमटलाय. घासून नवी करून देतो." मी ती हिसकावून घेतली आणि त्यांना चहासुद्धा न पाजता वाटेला लावलं. अभयराव, माफ करा. तुमची चूक नव्हती.

५) प्लॅस्टिक जोडायचं सोल्युशन प्लॅस्टिक विरघळवतं. ओल्या जोडावर बोट लागलं की ठसा कायमचा राहतो. आमच्या छंदात याच्याएवढा दुसरा डाग नाही. हा ठसा माझा मुलगा सम्यक याचा आहे.

सम्यक बारा वर्षांचा असल्यापासून माझ्याबरोबर बसायचा. हात उतावळा, सोल्युशन जास्त. मी आयुष्यभर बसगाड्या रंगवल्या, मला पत्र्यावर बोट उमटलेलं खपत नसे. तो शाळा-कॉलेजला गेला की मी त्याचे जोड ब्लेडने उकलायचो, फटींत लांबी म्हणजे पुट्टी भरायचो, पॉलिश पेपर मारायचो आणि त्याला म्हणायचो, बघ, तुझं काम किती सुधारलं! पोरगं खूश व्हायचं. एकदा तास बुडवून तो लवकर घरी आला आणि मला पियानोची मोटार उकलताना पाहिलं. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "मंग यात माझं काय ऱ्हायलं, आबा?" त्यानंतर तो त्या टेबलाशी कधी बसला नाही. दोन वर्षांनी, २००९ साली, पाचोडजवळ मोटारसायकलच्या अपघातात गेला. एकोणीस वर्षांचा होता. तोवर मी त्याची समजूत काढली नव्हती. बापाने कशाला नमतं घ्यायचं, असं वाटायचं.

तो गेल्यावर मी सगळ्या मोटारी भिंग घेऊन तपासल्या. त्याचा हात कुठेच शिल्लक नव्हता. मी काम चोख केलं होतं. फक्त टबाचा तळ कोण बघतो म्हणून एका जागी आळस केला होता. तेवढा त्याचा अंगठा राहिला.

६) पाचवं कलम काढा, मृत्युपत्रात असलं लिहीत नाहीत, असं कच्चा मसुदा वाचून वकीलबाईंनी सांगितलं. मी काढणार नाही. पारूबाईला आजवर वाटतं की अभ्यासामुळे पोराने छंद सोडला. तो गेल्यावर सोळा वर्षं एका ताटात जेवलो, पण खरं सांगायची माझी छाती झाली नाही. तिला वाचता येत नाही. म्हणून विशाखा, हे तू आईला मोठ्याने वाचून दाखव. ती मला शिव्या देईल, देऊ दे, मध्ये बोलू नकोस. तिचं बोलून झालं की टबाची मोटार उलटी करून तिच्या हातात दे आणि तिचं बोट त्या ठशावर ठेव. मोटार तिची आहे.

वरील मजकूर वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

(सही) कडुबा लक्ष्मण दाभाडे

कडुबांनी आमच्यादेखत सही केली आणि त्यांच्यादेखत आम्ही केली:
१. (सही) सरदार शेख, भंगार व्यापारी
२. (सही) अप्पाराव साळवे, निवृत्त एसटी मेकॅनिक

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५