दोन वार सहा इंच

आदरणीय व्याहीसाहेबांच्या सेवेशी,

आपल्या शिंपी व्याह्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. विहीणबाईंनाही सांगावा. आपला उजवा गुडघा आता कसा आहे? मागच्या पत्रात आपण डावा लिहिला होता आणि त्याआधीच्या पत्रात उजवा, तेव्हा दोन्ही सांभाळावेत. मी बरा आहे. म्हणजे झोप नीट लागत नाही, डाव्या कानात मधूनच शिट्टी वाजते आणि परवा जिन्यावर तोल गेला (पडलो नाही, पण पडलो असतो तर उचलायला खाली कोणीच नव्हतं), एवढं सोडलं तर बरा आहे.

आपलं पत्र पोचलं. नात सुट्टीला येणार, अठरा दिवस राहणार, त्यातले सोळा आपल्याकडे आणि दोन माझ्याकडे, ही आपण केलेली वाटणी योग्यच आहे. माझी काही हरकत नाही. कारणही आपण सभ्यपणे लिहिलं आहे, की पोरीला आपली भाषा येत नाही, मला तिचं इंग्रजी येत नाही, मुलगी आणि जावई तिला पोचवून लगेच परत जाणार, मग ती माझ्याकडे करणार काय, कंटाळेल. खरं आहे. दर रविवारी तिचा फोन येतो. ती ‘हॅलो आजोबा’ म्हणते, मी ‘जेवलीस का’ विचारतो, मग दोन्हीकडून नुसते श्वास ऐकू येतात आणि ती फोन आईकडे देते. गेली तीन वर्षं ती जेवली की नाही हे मला कळलेलं नाही. आपल्याशी मात्र ती अर्धा अर्धा तास खिदळते असं मुलगी सांगते. आपण हेडक्लार्क होता, आपलं इंग्रजी कचेरीत घासून गुळगुळीत झालेलं. मी सातवीत शाळा सोडली तेव्हा इंग्रजीचं पुस्तक निम्मं राहिलं होतं. (झालेल्या निम्म्यात एक मांजर, एक छत्री आणि एक फार लठ्ठ माणूस होता. यांच्याविषयी नातीशी किती बोलणार.)

म्हणून मी जे केलं ते आपल्याला कोणीतरी सांगण्याआधी मीच लिहितो. आमच्या गल्लीच्या टोकाला कॉलेजात जाण्याआधी मुलांची तयारी करून घेणारी शाळा आहे. तिथे त्यांनी भाषांसाठी एक प्रयोगशाळा बांधली आणि बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून जाड पडदे आणि मुलांना बसायच्या खोक्यांना आतून लावायचं बनातीचं लोकरी कापड माझ्याकडून शिवून घेतलं. प्रयोगशाळा म्हटल्यावर मला वाटलं बाटल्या, नळ्या, बेडूक असतील. तसं काही नाही. चोवीस लाकडी खोकी, प्रत्येकात एक खुर्ची, कानाला लावायचे हेडफोन आणि लाल दिवा. पुढे इंग्रजीच्या बाई बसतात आणि एक कॅसेट लावतात, ती चोवीस जणांना एकदम ऐकू येते. पडदे टांगून झाल्यावर मी बाईंना विचारलं, की मला एखाद्या खोक्यात बसता येईल का. बाई म्हणाल्या, “आजोबा, तुम्हाला कॉलेजात जायचंय?” मी म्हटलं, “नाही, नातीकडे.” त्यांनी मुख्याध्यापकांकडून अर्ज आणून दिला. त्यात विचारलं होतं, इंग्रजी की आधुनिक भाषा. मी घाबरलो. इंग्रजी जुनी झाली की काय, आणि नातीला हे कोणी कळवलं आहे का. बाईंनी समजावलं, की ती वेगळीच एक परदेशी भाषा आहे आणि ती शिकवणारे सर वेगळे आहेत. मग मी इंग्रजीवर खूण केली आणि चोवीस नंबरच्या खोक्यात, दाराजवळ, बसू लागलो. बाकीचे सगळे सोळा-सतरा वर्षांचे. शेजारच्या खोक्यातली दोन वेण्यांची मुलगी पहिल्याच दिवशी म्हणाली, “आजोबा, हेडफोन उलटे घातलेत. पण चालतंय, बरे दिसताय.”

आता कॅसेटविषयी. तिच्यात एक बाई बोलते. आवाज गोड, घाई अजिबात नाही, आणि विचारते काय तर आज तुम्ही कसे आहात. व्याहीसाहेब, खोटं कशाला लिहू, हे मला बऱ्याच दिवसांत कोणी विचारलं नव्हतं. (आपण पत्रात विचारता, पण ते छापल्यासारखं असतं. राग मानू नये.) विचारून झालं की ती उत्तरासाठी थोडा वेळ गप्प राहते आणि मग बरोबर उत्तर स्वतःच सांगून टाकते. माझी अडचण त्या गप्प राहण्याची. मी घड्याळ लावून मोजलं, चार सेकंद. चार सेकंदांत ती पोरं फटकन बोलून मोकळी. मला प्रश्न समजायला दोन लागतात, आपण खरंच कसे आहोत ते आठवायला दोन, आणि इंग्रजी शब्द गोळा करीपर्यंत ती बाई सांगून टाकते की मी मजेत आहे. पाचवा धडा तर कुटुंबाचा. घरी कोण कोण आहे, वडील काय करतात, आई कुठे आहे. असल्या गोष्टींना चार सेकंद कोणाला पुरतात? मी चाळीस वर्षं कपडे बेतले. कापताना माया भरपूर ठेवायची, म्हणजे माणूस पुढे सुटला तर उसवून वाढवता येतं. ही कॅसेट करणाऱ्यांनी माया ठेवलेलीच नव्हती. अंगाला घट्ट बेतून मोकळे झाले होते.

मग माझ्या हातून जे झालं ते हाताच्या सवयीने झालं. कपडा अपुरा पडला की आम्ही जोड देतो. एका दुपारी पडद्याची एक कडी निसटली म्हणून मला किल्ली मिळाली होती, प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. त्या यंत्रावर लावून लावून मी पाचव्या धड्यातल्या सहा शांत जागा हेरल्या, कॅसेट उघडली, शांततेच्या बरोबर मधे पट्टी कापली आणि प्रत्येक ठिकाणी सात सेकंदांचा जोड दिला. पट्टी सेकंदाला पावणेदोन इंचांहून किंचित जास्त सरकते, म्हणजे सात सेकंदांना तेरा इंच. जोडासाठी माझ्या बटणांच्या डब्यातली एक कोरी कॅसेट घेतली. तिच्यावर मी वर्षानुवर्षं काळा दोरा गुंडाळून ठेवत असे. नाव नाही, गाव नाही, म्हणून कोरी. तोंडाकडूनच सहा तुकडे कापले. चिकटपट्टी इतकी सफाईने लावली की बोट फिरवलं तरी कळू नये. एकदा लावून बघणारच होतो, तेवढ्यात घंटा झाली.

पट्टीला दोन बाजू असतात हे मला ठाऊक होतं. पण आपल्या लेंग्याला आतून जोड दिला तर बाहेरच्याला काय त्याचं, असं मला वाटलं. दुसऱ्या बाजूला आधुनिक भाषेचा धडा होता. दुसऱ्या दिवशी तो वर्ग बसला आणि कॅसेटमधला माणूस भर वाक्यात सात सेकंद गप्प झाला. मग पुन्हा बोलू लागला, पुन्हा गप्प. सरांना हे नवीन होतं, पण पोरांसमोर तसं कसं म्हणायचं. त्यांनी सांगितलं की ते फार सुसंस्कृत लोक आहेत, वाक्याच्या मधे थांबून विचार करतात. सगळ्या वर्गाने तसा सराव केला. त्याच्या दुसऱ्या दिवशी पालकांना शाळा दाखवायची होती. तेव्हा त्यातला एक मुलगा एका पालकाला त्या भाषेत नमस्कार करू लागला आणि मधेच थांबला. त्या गृहस्थांनी त्याला खुर्ची दिली आणि पाणी आणवलं.

त्यानंतर पालक आमच्या वर्गात आले. मुलांच्या शेजारी वाकून, हेडफोनची एकेक बाजू कानाला लावून तेही ऐकू लागले, मुख्याध्यापकही. बाईंनी पाचवा धडा लावला. कॅसेटमधल्या बाईने इंग्रजीत विचारलं, तुमच्या घरी कोण कोण आहे. आणि चोवीस खोक्यांत एकदम आपल्या भाषेत आवाज आला, “हे चालू आहे का? लाल दिवा तर लागलाय.” सगळ्यांनी आपापल्या लाल दिव्याकडे बघितलं. मी बघितलं नाही. तो माझ्या बायकोचा आवाज होता.

तिला जाऊन नऊ वर्षं झाली हे आपल्याला माहीत आहे. पुढचा प्रश्न आला, तुमचे वडील काय करतात. ती म्हणाली, “ते काय करणार, सकाळपासून मान खाली घालून बसलेत.” एका खोक्यातून कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. ते घरी तुमच्याशी बोलतात का, असा तिसरा प्रश्न. ती म्हणाली, “अहो, बोला की काहीतरी. लेक वाट बघतेय.” तेव्हा मला आठवलं. शेजारच्या फोटोवाल्याकडून तिने दोन तासांसाठी टेपरेकॉर्डर आणला होता, मुलगी पाच वर्षांची होती, आणि मला एका लग्नाचे बारा कोट द्यायचे होते. चौथा प्रश्न होता, तुमची आई कुठे आहे. त्याच्या जोडात कोणीच बोलत नव्हतं, सात सेकंद नुसतं माझं शिवणाचं मशीन चालत होतं. मग कॅसेटमधल्या बाईने बरोबर उत्तर सांगितलं, की माझी आई स्वयंपाकघरात आहे. पाचव्यात मुलीचा बोबडा आवाज, “बाबा, बोला ना.” आणि सहाव्यात पुन्हा ही, “राहू दे गं, त्यांना काम आहे. नंतर बोलतील.” एव्हाना कोणी हसत नव्हतं. दोन वेण्यांच्या मुलीने खोक्याच्या कडेवरून माझ्याकडे डोकावून बघितलं आणि पुन्हा खाली बसली.

मुख्याध्यापकांनी खोलीत बोलावलं. कॅसेट टेबलावर होती, आधुनिक भाषेचे सर भिंतीकडे तोंड करून उभे होते. हे कोणी केलं, असं विचारल्यावर मी लपवणार होतो, पण मुख्याध्यापक म्हणाले, “जोड कुठे दिलाय तेसुद्धा दिसत नाही,” तेव्हा माझ्याच्याने राहवेना, मी म्हटलं, “मी.” आता पटावरचं नाव काढून टाकतील असं वाटलं. इंग्रजीच्या बाईंनी मला इंग्रजीतच विचारलं, या बाई कोण. मी म्हटलं, “माय वाइफ.” चार सेकंदांच्या आत दिलेलं हे माझं पहिलं उत्तर.  शेवटी मुख्याध्यापकांनी धडा पूर्ववत करून द्यायला सांगितलं. बाईंनी तुकड्यांसाठी एक रिकामी कॅसेट दिली आणि नाव तसंच ठेवलं. मी जोड उसवले, पण उसवताना दर ठिकाणी दोन बोटं पट्टी वाया गेली. आता ती बाई तीन सेकंदच थांबते आणि पोरं माझ्यावर चिडलेली आहेत.

सहाही तुकडे मी ओळीने जोडून त्या कॅसेटमध्ये भरले. एकूण दोन वार सहा इंच. डब्यातल्या कॅसेटची बाकीची पट्टी खरोखरच कोरी आहे, शाळेच्या यंत्रावर शेवटपर्यंत ऐकून बघितली. मीही आहे त्यात, पण मशीनच्या रूपाने.

इंग्रजीचं म्हणाल तर आठ प्रश्न पाठ झाले आहेत. उत्तरं अजून येत नाहीत, पण ती नातीकडे असतील. आपण तब्येत सांभाळावी. विहीणबाईंनी चालताना काठी घ्यावी, लाज वाटून घेऊ नये. हे पत्र पोचलं की लगेच कळवावं. पोचलं नाही तर तसं कळवावं.

आपला नम्र,
नातीचा दुसरा आजोबा

ता. क. — आपल्याकडे मोठा टेपरेकॉर्डर आहे, जावयाने आणलेला. नातीला सोडायला याल तेव्हा तो घेऊन यावा. माझ्याकडे यंत्र नाही. नात आठ वर्षांची, तिने आजीचा आवाज ऐकलेला नाही. पट्टी हळू हाताने लावावी लागेल, मी लावीन.

ता. क. — वर ‘माझी काही हरकत नाही’ असं लिहिलं आहे. ते खोडणार होतो, पण पहिलंच पान घाण दिसलं असतं. हरकत आहे. अठरा दिवसांचं कापड एक, आजोबा दोन, मधोमध घडी घालून कापायचं. मला नऊ दिवस हवेत. ती बोलली नाही तरी चालेल, मी प्रश्न विचारून थांबेन, ती म्हणेल तितका वेळ. त्या नऊ दिवसांचं काम मी घेतलेलं नाही. मशीनवर झाकण घालून ठेवलं आहे.