आईची रविवारशाळा

प्रिय दादा,

उद्या आईच्या दफनविधीत उपदेश तुलाच करायचा आहे, म्हणून हे पत्र मी तुला देणार नाही.

आई चर्चच्या रविवारशाळेत मुलांना शिकवायची, तिथे एका मुलीने तिला विचारलं होतं, "देवाला कधी एकटं वाटतं का?" आई म्हणाली, "मला नाही गं माहीत. तुला काय वाटतं?" पोरं तासभर बोलत राहिली. मग पालकांनी कुरकुर केली आणि तू, चर्चचा पाळक, सख्ख्या आईचा वर्ग काढून घेतलास. "पोरांच्या मनात शंका पेरू नकोस," म्हणालास. ती तुला एका शब्दाने बोलली नाही. दर रविवारी पुढच्या बाकावर बसून तुझा उपदेश ऐकत राहिली. पण घरातसुद्धा तिचं कुतूहल आटलं.

काल दवाखान्यात ती हळूच म्हणाली, "तिकडे खरंच कोणी असेल का गं?"

मला रडू आवरेना. म्हटलं, "दादाला बोलावू?"

"नको. तो लगेच उत्तर देईल. तू नुसती बस."

मी बसून राहिले. तू धावत आलास तोवर ती गेली होती. "शेवटपर्यंत विश्वास होता ना तिचा?" तू विचारलंस. तू तिचा हात सोडत नव्हतास. मी हो म्हटलं.

तुझी,
धाकटी