पाहुण्यांसाठी मोठा पडदा

रविवार, ५ ऑक्टोबर २०२५. सकाळी ११ वाजून १० मिनिटे.

या तारखेला, या वेळेला, माझ्या खोलीतला माझा कॉम्प्युटर मला न विचारता उचलून हॉलमध्ये नेण्यात आला. नेणारा – माझा मुलगा विकास. बघत उभे राहणारे – माझे यजमान. मी मागच्या अंगणात लोणच्याची बरणी उन्हात ठेवत होते. वडगावच्या कोर्टात स्टेनो म्हणून जन्म गेला माझा. आधी तारीख-वेळ लिहायची, संताप मागाहून. लिहिली. आता संताप!

न विचारता! बिस्किटाचा डबा उघडतानासुद्धा विचारणारं पोर हे!

"आई, मीडिया सेंटर करतोय." टीव्हीच्या मागे वायर खुपसली, कॉम्प्युटर शोकेसच्या खालच्या कप्प्यात कोंबला. तिथले माझे चांगले कप आता पलंगाखाली आहेत. सोफ्यावर बसायचं आणि की-बोर्ड मांडीवर घ्यायचा म्हणे. ताटासारखा!

"आणि मी माझी पत्रं कुठे टाईप करू?"

"इथेच. मोठ्या पडद्यावर."

म्हणजे मी बहिणीला सुनेबद्दल चार ओळी लिहायच्या, आणि त्या फाटकातून वाचता यायच्या!

पुण्याला परत निघताना म्हणाला, "पाहुण्यांनाही बरं पडेल." कोणते पाहुणे, ते काही सांगितलं नाही.

सोमवार, ६ ऑक्टोबर

टीव्ही लावला की पडद्यावर दोन गोल चेहरे येतात. एकाखाली 'घरचे', दुसऱ्याखाली 'पाहुणे'. यांना विचारलं, "अहो, पाहुण्यांसाठी वेगळं बटण? येतंय तरी कोण?"

"येतील कोणीतरी," म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला. पेपर कालचा होता.

बुधवार, ८ ऑक्टोबर

पाहुणे म्हणजे नणंदेकडचेच असणार. दिवाळी तोंडावर आलीय. मी कपाळाला आठ्या घालीन म्हणून बापलेक बोलत नाहीत, दुसरं काय! घालणारच होते, पण आता येतायत तर येऊ देत. गाद्या उन्हात टाकल्या. चकलीची भाजणी भाजून घेतली. शालूबाई कुसगावहून कामाला येते. उशांना अभ्रे घालता घालता म्हणाली, "मावशी, मंत्री येतोय का काय घरी?"

"पाहुणे येतायत."

"व्हय? मागल्या टायमाला पाव्हणे गेले, तवा तुमी दार लावून म्हनलात, सुटले एकदाचे!"

"तू काम कर."

"करतेच की. लय हळू बोललात, पर मला ऐकू आलं."

शुक्रवार, १० ऑक्टोबर

मान्य – चित्र मोठं झकास दिसतं. विकासने जुने फोटो भरून ठेवलेत. आपोआप एकामागून एक येतात. लोहगडावर हे टोपी घालून, मी पदर खोचून. तेव्हा आम्हाला कमरा होत्या! मी हसत होते.  हे नुसते बघत होते.

रविवार, १२ ऑक्टोबर. दुपारी चार.

ओळी वाकड्या जातायत. हे अक्षर बघून आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी बोटांवर पट्टी मारली असती.

फोटो चालू होते. आम्ही दोघं सोफ्यावर, मध्ये शेंगदाण्याची वाटी. पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उगवली. ती घालवायला मी बटण दाबलं. गेली नाही – उघडली! विकास त्याच्या फोनवरचे मेसेज कॉम्प्युटरवर चालू करून तसाच निघून गेला होता. सून लिहीत होती, अमृता. वीतभर एकेक अक्षर!

"लोणावळ्याच्या बंगल्याचे फोटो भाड्याच्या साईटवर टाकले. होम थिएटर सगळ्यात आधी दाखवलंय. शनिवार-रविवार पाहुणे नक्की मिळतील. आई डिसेंबरपासून आपल्याकडे ना? आणि बाबा?"

मी वाचतेय तोच खाली विकासचं उत्तर उमटलं. माझ्या डोळ्यांदेखत!

"आई आपल्याकडे. बाबा 'माझं मी बघतो' म्हणालेत. आईला ते स्वतः सांगणार आहेत."

पाहुणे! अख्खं आयुष्य लोणावळ्यात काढून मला हा शब्द कळला नाही! शेजारच्या बंगल्यांत दर शनिवारी येतात, पहाटेपर्यंत पोहण्याच्या तलावात किंचाळतात, बाटल्या टाकून जातात – ते पाहुणे! आणि मी त्यांच्यासाठी भाजणी भाजली!

यांचा हात वाटीतच राहिला होता.

"सांगणार होतो," म्हणाले.

"कधी? ते माझ्या पलंगावर झोपल्यावर?"

विकासला फोन लावला. त्याचं पहिलं वाक्य काय असावं? "आई, तू माझे मेसेज का वाचलेस?"

"मी नाही वाचले! ते भिंतीवर आले!"

"पण बाबा हो म्हणालेत."

"घर दोघांच्या नावावर आहे. त्यांचं अर्धं घर हो म्हणालं. माझ्या अर्ध्यात काय येतं – स्वयंपाकघर? मग पाहुणे उपाशी राहतील, कळव त्यांना!"

सोमवार, १३ ऑक्टोबर

विकासचा फोन. आवाज पडलेला. "फोटो काढून टाकले, आई. विषय संपला."

जिंकले! कॉम्प्युटर माझ्या खोलीत परत आणून ठेवायला सांगितलाय, येत्या रविवारी. तोवर वायर मीच उपटली. खुशीत आलं घालून चहा केला. यांनी कपाला हात लावला नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आज पुन्हा विषय काढला मी. "मुलाने विचारलं आणि तुम्ही नंदीबैलासारखी मान हलवलीत! नाही म्हणता आलं नाही?"

हे खिडकीपाशी उभे होते. माझ्याकडे पाठ.

"त्याने मला नाही विचारलं, रंजना. मी त्याला विचारलं."

एवढंच. चपला घातल्या आणि फिरायला गेले.

पुढचा प्रश्न मला तोंडाने विचारता येणार नाही. कागदावर लिहून टीव्हीच्या काळ्या पडद्यावर मधोमध चिकटवलाय. त्याची नक्कल –

श्री. कैलास यांस,
तुम्हांला या घरात राहायचे नाही, की माझ्याबरोबर? लेखी उत्तर शुक्रवार, १७ ऑक्टोबर, सायंकाळी पाचच्या आत द्यावे.