गच्चीची किल्ली आणि घारीचं पिल्लू

४ मार्च १९९४
नारळावरच्या घरट्यातून घारीचं पिल्लू उतरलं, थेट आमच्या गच्चीच्या कठड्यावर. उडता धड येत नाही, ऐट कलेक्टरची. प्रभुणेवहिनी पापड वाळत घालायला गेल्या तर आई घारीने झडप घातली. डोक्याला ओरखडा. सेक्रेटरी कुलकर्णी लगेच हजर. "बाई, गच्चीची किल्ली द्या. जाळ्यात धरू, खारघरच्या डोंगरात सोडू."
किल्ली वरच्या मजल्याकडे, म्हणजे माझ्याकडे, हा सोसायटीचाच नियम. दिली नाही. डोंगरात त्याला भरवणार कोण? कुलकर्णी?

६ मार्च
छत्री उघडून वर जाते. आई घार छत्रीवर आपटते. तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी खाल्ली, ही त्यांच्यापेक्षा सौम्य. गच्ची बंद, म्हणून वहिनींचे पापड माझ्या पलंगावर, पंख्याखाली. त्या विचारतात, "उडदाच्या वासात झोप लागते का हो?" लागते.

९ मार्च
आईने दिवसभरात एकदाच खाणं आणलं. पिल्लू उपाशी? बोंबलाचे तुकडे टाकले. फस्त.

१३ मार्च
आता मला पाहिलं की चालत येतं. चालत! मी मूर्खासारखी खूश. हिराबाई कोळणीने विचारलं, रोज जादा बोंबील कशाला? सांगितलं. टोपली खाली ठेवून हसली. "बाय, तुमी घास भरवता, मंग ते उडंल कशाला? घार हाय ती, मांजर नाय."
शाळेत सिस्टर म्हणायच्या, कबुली द्यायची तर पूर्ण द्या. तर, चूक माझी. उद्यापासून बंद.

१६ मार्च
तीन दिवस ओरडतंय, गच्चीच्या दाराकडे तोंड करून. आई टाकीवर पायात उंदीर धरून बसते, जवळ आणत नाही. आम्ही दोघी सारख्याच निर्दय. मी दाराच्या फटीतून पाहते. बोंबील नाही.

१९ मार्च
उडालं!! टाकीपर्यंत आणि परत. मग कुलकर्ण्यांच्या गॅलरीतून बनियन उचलला, नारळापर्यंत नेला, टाकला, पुन्हा झेलला. सराव.
कुलकर्णी खालून, "हे तुम्ही शिकवलंत!"
म्हटलं, मी शिकवलं असतं तर धुतलेला निवडला असता.
किल्लीसाठी मीटिंगची नोटीस लागली.

२२ मार्च
परवापासून पिल्लू नाही. कठडा, टाकी, नारळ, मागचा नाला, सगळं पाहिलं. पाच दिवस मी भरवलं, ते शिकायचे दिवस होते. तेच कमी पडले असतील तर...
मीटिंगमध्ये कुलकर्णी गोड. "गेलं ना आता? मग द्या किल्ली. पापडांचे दिवस आहेत."
वहिनी म्हणाल्या, "माझे वाळले. पंख्याखाली."
संध्याकाळी वर गेले. आई टाकीवर, पायात उंदीर, न खाता हाका मारत होती. कोणी आलं नाही. एक पाऊल पुढे टाकलं तर माझ्यावर झडप. पूर्वीसारखीच, जोरात. म्हणजे तिच्या मते राखण्यासारखं अजून काहीतरी आहे.
छत्रीची एक काडी मोडली. किल्ली दिलेली नाही.